आठाचा तीन करायचाय: यूकेतल्या महागड्या ०८४-०८७ नंबरांशी कसं भांडायचं

२०१६ चा जानेवारी. मुलगी दोन दिवस तापाने फणफणलेली, म्हणून सकाळी बरोब्बर आठला जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सर्जरीला (इथे दवाखान्याला असंच म्हणतात) फोन लावला, कारण इथे आठला नाही लावला तर त्या दिवसाची अपॉइंटमेंट विसरायची. तिकडून रेकॉर्डेड बाई म्हणाली की रांगेत तुम्ही चौदावे. मग पियानो. मग परत बाई, आता बारावे. असं करत करत बाविसाव्या मिनिटाला जिवंत माणूस आला आणि पुढच्या एका मिनिटात अकरा दहाची वेळ मिळाली पण. पोरीला औषध मिळालं, लहान मुलांना इथे प्रिस्क्रिप्शनला पैसे नाहीत, आपण खूश. महिनाअखेरीला मोबाइलचं बिल आलं तर एका ओळीत ११ पौंड ५० पेन्स. मला आधी वाटलं बायकोने चुकून पुण्याला साधा फोन लावला. नंबर नीट बघितला तर सर्जरीचाच, ०८४४ ने सुरू होणारा. आणि माझ्या प्लॅनमध्ये अनलिमिटेड मिनिट्स होती हो!

तर डॉक्टर फुकट, औषध फुकट, फक्त डॉक्टरची वेळ मागायला साडेअकरा पौंड. तेव्हापासून मी या नंबरांच्या मागे लागलोय, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी नवीन आलेलं भेटलं की बायको आधीच मान फिरवते कारण तिला माहीत असतं आता हा ०८४ सुरू करणार. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधी स्वतःचे पैसे कसे वाचवायचे ते, आणि मग समोरच्याला नंबर बदलायला कसं लावायचं ते. दुसरं काम वाटतं तेवढं अवघड नाहीये, फक्त चिकाटी लागते.

नंबर बघूनच ओळखायला शिका

आपल्याकडे १८०० फुकट आणि १८६० ला कॉलचे पैसे, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. इथे जरा जास्त आहे पण पहिले दोन-तीन आकडे बघितले की काम होतं.

०१ आणि ०२ म्हणजे गावाचे नंबर, लंडन ०२०, बर्मिंगहॅम ०१२१, वगैरे. ०३ ने सुरू होणारा नंबर कुठल्याच गावाचा नाही पण नियमाने त्याचा दर ०१-०२ इतकाच, आणि तुमच्या प्लॅनमधल्या मिनिटांत ०१-०२ धरत असतील तर ०३ पण धरावाच लागतो, लँडलाइन असो की मोबाइल. ही ०३ ची सोय ऑफकॉमने, म्हणजे इथल्या ट्रायने, २००७ मध्ये आणली. त्यातला ०३०० खास सरकारी आणि धर्मादाय संस्थांसाठी राखलेला. ०८०० आणि ०८०८ फुकट, १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही फुकट. त्याआधी मोबाइलवरून "फ्रीफोन"ला पैसे पडायचे, हसू नका, खरं आहे.

आणि मग आपले मित्र. ०८४३, ०८४४, ०८४५, ०८७०, ०८७१ वगैरे. हे बहुतेक प्लॅनच्या मिनिटांत बसत नाहीत. ०९ तर लांबूनच नमस्कार. आणि एक छुपा, ०७०. मोबाइल नंबरसारखा दिसतो पण मोबाइल नाही, "पर्सनल नंबर" म्हणतात त्याला, आणि तो खूप महाग पडायचा. २०१९ च्या ऑक्टोबरात ऑफकॉमने त्याच्या घाऊक दरावर मर्यादा घातली तेव्हा कुठे जरा आटोक्यात आला. तरी ०७ नंतर शून्य दिसला की थांबा.

पैसे नक्की कोण घेतं

हे समजलं नाही तर भांडताना पाचव्या मिनिटाला गप्प बसावं लागतं, म्हणून जरा थांबून वाचा.

१ जुलै २०१५ पासून ०८४-०८७ च्या कॉलचे दोन तुकडे केलेत. एक अॅक्सेस चार्ज, तो तुमच्या फोन कंपनीचा, प्रत्येक प्लॅनला एकच ठरलेला असतो, आणि बऱ्याच मोबाइल कंपन्यांचा तो आता मिनिटाला पन्नास पेन्सच्याही पुढे गेलाय. दुसरा सर्व्हिस चार्ज, तो पलीकडच्यांचा. ०८४ ला मिनिटाला जास्तीत जास्त ७ पेन्स, ०८७ ला १३. माझ्या त्या कॉलमध्ये अॅक्सेस ४५ आणि सर्व्हिस ५, म्हणून मिनिटाला ५०, गुणिले २३, झाले साडेअकरा.

म्हणजे मोठा लचका फोन कंपनी तोडते, पण तो तोडता येतो कशामुळे, तर पलीकडच्याने ०८४ निवडला म्हणून. आणि त्याने का निवडला, तर तो छोटा ५-७ पेन्सचा तुकडा फोन सिस्टिम पुरवणाऱ्याकडे जातो आणि त्याच्या बदल्यात सर्जरीला किंवा ऑफिसला ती रांग लावणारी, पियानो वाजवणारी सिस्टिम स्वस्तात मिळते. थोडक्यात सिस्टिमचं भाडं रांगेतला पेशंट भरतोय. रिसेप्शनवरच्या बाईला हे बहुधा माहीतच नसतं, त्यामुळे तिच्यावर आवाज चढवू नका, तिला सकाळपासून शंभर लोकांनी ऐकवलेलं असतं.

पूर्वी हे नंबर लोकल रेट आणि नॅशनल रेट म्हणून विकले गेले, ०८४५ म्हणजे लोकल, ०८७० म्हणजे नॅशनल. लँडलाइनच्या काळात ते थोडंफार खरंही होतं. मग सगळ्यांकडे मिनिट्सवाले प्लॅन आले, ०१-०२ ला वेगळे पैसे पडेनात, आणि हे "लोकल" नंबर तेवढे मीटर लावून बसले. सरकारी खाती पण त्यातच. नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१३ मध्ये हिशोब काढला तेव्हा केंद्र सरकारच्या अशा महाग लाइनींवर लोक वर्षाला अंदाजे ५ कोटी ६० लाख पौंड घालवत होते आणि त्यातला बराचसा पैसा नुसता ताटकळण्यात जात होता. त्यानंतर मात्र हललं. एचएमआरसीने, म्हणजे टॅक्सवाल्यांनी, त्याच वर्षी ०८४५ सोडून ०३०० घेतला, आणि डिसेंबरात कॅबिनेट ऑफिसने सगळ्या खात्यांसाठी सूचना काढली की अत्यावश्यक सरकारी सेवेसाठी गरीब-दुबळ्या लोकांना महाग नंबर लावायला लावणं योग्य नाही.

गंमत बघा, दुकानदारांसाठी कायदा आला. १३ जून २०१४ पासून विकलेल्या वस्तूच्या तक्रारीसाठी ग्राहकाला साध्या दराचाच नंबर द्यावा लागतो. केटल बिघडली तर कायदा तुमच्या बाजूला. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लाइनला मात्र फक्त मार्गदर्शक सूचना. म्हणूनच आपल्यासारख्यांना हात-पाय मारावे लागतात.

आज, आत्ता फोन करायचाय तर

मोहीम नंतर, आधी कॉल. ०८४ किंवा ०८७ दिसला की आठाच्या जागी तीन टाकून बघा. ०८४४ चा ०३४४, ०८४५ चा ०३४५, ०८७० चा ०३७०, बाकीचे आकडे तेच. ०३४ आणि ०३७ या मालिका मुद्दाम त्याच्यासाठी राखल्यात, की ज्याच्याकडे ०८४४ चा अमुक नंबर आहे त्यालाच ०३४४ चा तोच नंबर मिळावा. त्यांनी तो सुरू केला असेल तर लागेल, नसेल तर "नंबर ओळखता येत नाही" असं ऐकू येईल. सुरू नसेल तर ते लक्षात ठेवा, पुढे तेच मागायचंय.

नाही लागला तर त्यांच्या वेबसाइटवर "परदेशातून फोन करण्यासाठी" असं कुठे आहे का बघा. ०८ चे नंबर भारतातून बऱ्याचदा लागतच नाहीत, म्हणून तिथे +४४ लावून साधा ०१-०२ चा नंबर दिलेला असतो. +४४ काढा, पुढे शून्य लावा, इथूनही लागतो. जुनी पत्रं, लेटरहेडवरचा फॅक्सजवळचा नंबर, अपॉइंटमेंट कार्डाची मागची बाजू, हे पण चाळा. से नो टू ०८७० नावाची वेबसाइट लोकांनी शोधलेले असे पर्यायी नंबर कितीतरी वर्षं जमवत आलीय.

आणि हे मात्र नीट वाचा, नवीन आलेले सगळ्यात जास्त इथे फसतात. गूगलवर "डीव्हीएलए फोन नंबर" (डीव्हीएलए म्हणजे लायसन्स देणारं खातं) किंवा "एचएमआरसी हेल्पलाइन" टाकलं की वरती एखादा ०८७ किंवा ०९ चा नंबर येऊ शकतो. तो सरकारचा नसतो. मधला दलाल असतो, तुमचा कॉल खऱ्या ०३०० ला नुसता जोडून देतो आणि जितका वेळ तुम्ही सरकारी रांगेत उभे तितका वेळ ह्याचं मीटर चालू. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने असाच नंबर "पटकन लागतो" म्हणून फॉरवर्ड केला होता, अर्ध्या तासात तीन जणांनी लावलापण. सरकारी नंबर फक्त गव्ह डॉट यूके असलेल्या पानावरूनच घ्या. जाहिरातीतून कधीच नाही.

पे अॅज यू गो सिम असेल, म्हणजे नुसता टॉपअप, बंडल नाही, तर ०३ ला पण पैसे कापले जातात, कारण ०१-०२ ला कापले जातात. ०३ फुकट नाही, फक्त साध्या नंबरइतका. ह्याच्यावरूनच २०१७ मध्ये मोठा गोंधळ झाला. युनिव्हर्सल क्रेडिटची, म्हणजे सरकारी भत्त्याची हेल्पलाइन ०३४५ वर होती, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून ते भत्ता मागतायत त्यांच्याकडे बंडल तरी कुठून असणार, काही मोबाइलवरून मिनिटाला ५५ पेन्स जात होते. ११ ऑक्टोबरला जेरेमी कॉर्बिन यांनी पार्लमेंटमध्ये पंतप्रधानांना नेमका हाच आकडा विचारला आणि १८ तारखेला मंत्री डेव्हिड गॉक यांनी लाइन फुकट करतो म्हणून जाहीर केलं. बरोबर एक आठवडा. वर्षानुवर्षं "दर जास्त आहेत" म्हणून ओरडून जे झालं नाही ते "५५ पेन्स मिनिटाला" एवढ्या एका आकड्याने झालं, आणि पुढची सगळी पायरी ह्याच्यावरच उभी आहे.

वही काढा

पुरावा म्हणजे काही फार नाही. तारीख, किती वाजता लावला, रांगेत किती मिनिटं, बोलणं किती मिनिटं, बिलात किती पडले. बिलाचं ते पान सेव्ह करा. तुमचा अॅक्सेस चार्ज किती ते फोन कंपनीच्या दरपत्रकात बघून लिहा. मी फ्रिजवर कागद लावला होता, तीन महिन्यांत सात कॉल झाले, एकूण एकेचाळीस पौंड. सातातल्या पाच कॉलमध्ये वाट बघण्याचा वेळ बोलण्याच्या पाचपट होता. ते "पाचपट" पुढे फार कामाला आलं.

सोबत त्यांच्या दारावरच्या बोर्डाचा, पत्रकाचा आणि वेबसाइटचा फोटो काढून ठेवा, जिथे नंबर छापलाय तो. का, तर नंबरच्या शेजारी सर्व्हिस चार्ज लिहिणं बंधनकारक आहे, "मिनिटाला इतके पेन्स अधिक तुमच्या फोन कंपनीचा अॅक्सेस चार्ज" असं. अर्ध्या ठिकाणी ते नसतंच. किंवा अजून "लोकल रेट" लिहिलेलं असतं. जाहिरातीत तसं असेल तर एएसएकडे, म्हणजे जाहिरातींच्या नियामकाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, दहा मिनिटांचं काम. त्याने नंबर बदलत नाही पण समोरच्याला कळतं की ही व्यक्ती वाचून आलीय.

शेजारपाजारच्या दोन-तीन जणांना पण वही ठेवायला सांगा. आमच्या गल्लीतल्या एक पंजाबी आजी दर आठवड्याला औषधांसाठी फोन करायच्या आणि त्यांचा टॉपअप का संपतो हे मुलाला कळतच नव्हतं. त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा चारपट निघाला. मी आयटीवाला, मला साडेअकरा पौंड गेले तर दुःख होतं. त्या आजी कमी फोन करायला लागल्या होत्या. हा फरक पत्रात नक्की लिहा.

मागायचं काय

इथे बहुतेक लोक चुकतात. रागात दोन पानं लिहितात, एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेची, दुर्दशा, टॅक्स किती भरतो, वगैरे, आणि शेवटी मागणी काय तर "काहीतरी करा". त्याला उत्तर येतं "तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" आणि विषय संपतो.

मागणी एकच ठेवा. तुमचा ०८४४ चा नंबर आहे त्याचा ०३४४ सुरू करा आणि सगळीकडे तोच छापा. बस. ०८०० मागू नका, कारण ०८०० चा प्रत्येक कॉल संस्थेला पैसे देऊन घ्यावा लागतो आणि छोट्या सर्जरीला ते जड जातं, मग "बजेट नाही" म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं. भत्त्याच्या हेल्पलाइनला ०८०० मागणं ठीक, तिथे गिऱ्हाईकच गरीब आहे. सर्जरी, कौन्सिल, पार्किंग दंडाची लाइन, ह्यांच्याकडे ०३ मागा.

पत्र प्रॅक्टिस मॅनेजरच्या नावाने, कौन्सिल असेल तर तक्रार विभागाला. ई-मेल चालतो. मजकूर साधारण असा, तुम्ही आपल्या इंग्रजीत घाला: मी तुमचा पेशंट, पत्ता अमुक. तीन महिन्यांत तुम्हाला सात कॉल, ४१ पौंड, नोंद सोबत जोडलीय. इंग्लंडमधल्या जीपी कॉन्ट्रॅक्टमध्ये एप्रिल २०१० पासून कलम आहे की पेशंटला साध्या नंबरच्या कॉलपेक्षा जास्त खर्च पडेल अशी फोनची व्यवस्था ठेवायची नाही, आणि जुनी कॉन्ट्रॅक्ट असलेल्यांना त्यासाठी एप्रिल २०११ पर्यंत मुदत होती. तुमचा ०३४४ चा नंबर तुमच्यासाठी राखीव आहे. तो कधी सुरू कराल ते अमुक तारखेपर्यंत कळवा. तारीख नक्की घाला, महिन्याभराची. आणि वरती "ही औपचारिक तक्रार आहे" असं एक वाक्य टाका, त्याने कागद वेगळ्या फायलीत जातो.

स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहत असाल तर तिथलं आरोग्य खातं वेगळं, नियम आणि तक्रारीचा रस्ता पण वेगळा, त्यामुळे इंग्लंडचं कलम तिथे चिकटवू नका.

येणारी उत्तरं

सगळी पाठ झालीत मला. "हा लोकल रेट नंबर आहे." ह्याला बिलाचा फोटो. शब्द नको, फोटोच.

"आम्हाला ह्यातून एक पेनीही मिळत नाही." हे अक्षरशः खरं असू शकतं, कारण पेनी पुरवठादाराला मिळते आणि यांना भाड्यात सूट मिळते. भांडू नका. लिहा की पैसे कोणाला मिळतात हा माझा प्रश्न नाही, माझ्या खिशातून जातात हा आहे, आणि कलमही पेशंटच्या खर्चाबद्दलच बोलतं.

"एकूण व्यवस्था बघता बहुतेक पेशंटना जास्त खर्च येत नाही." हे जरा हुशार उत्तर आहे, ह्यामागे वकील किंवा पुरवठादाराचा सेल्समन असतो, कारण त्या कलमातच "एकूण व्यवस्था बघता" असे शब्द आहेत आणि सगळी पळवाट तिथून काढली गेली. वर्षानुवर्षं कित्येक सर्जऱ्या ह्या एका शब्दप्रयोगावर तगून राहिल्या. तुमचं उत्तर असं की मग एक तरी असा मोबाइल प्लॅन दाखवा ज्यावर तुमचा ०८४४ हा ०१-०२ पेक्षा महाग नाही. मला अजून कोणी दाखवलेला नाही.

"आमचं कॉन्ट्रॅक्ट अजून चार वर्षं आहे." हे मात्र खरं दुखणं. या सिस्टिम पाच-पाच, सात-सात वर्षांच्या कराराने घेतलेल्या असतात आणि मध्येच सोडलं तर दंड. इथे त्यांना करार मोडायला सांगायचंच नाही. त्याच करारात, त्याच पुरवठादाराकडे, त्याच सिस्टिमवर फक्त ०८४ चा ०३४ करा, भाड्याचा फरक काय पडतो ते पुरवठादाराला विचारा. मॅनेजरला बऱ्याचदा हा पर्याय माहीतच नसतो, सेल्समन कशाला सांगेल? आमच्याकडे गाडी अडली होती ती इथे, आणि सुटली ती पण इथेच.

"नंबर बदलला तर वयस्कर पेशंट गोंधळतील." एक आकडा बदलतोय आणि जुना काही महिने सोबत चालू ठेवता येतो.

"ऑनलाइन बुक करा ना." ह्याला मी उत्तर देत नाही, आजींचा हिशोब परत पाठवतो.

माहितीचा अधिकार, इथला

महिन्यात गोलमाल उत्तर आलं किंवा आलंच नाही तर एफओआय. आपल्या आरटीआयचा भाऊ. आपण महाराष्ट्रातले, आपल्याकडे राज्याचा कायदा २००२ लाच होता, देशाचा २००५ ला आला, तर आपल्याला ह्याची सवय असायला हवी. इथला कायदा २००० चा, लागू झाला १ जानेवारी २००५ ला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प वगैरे काही नाही, साधा ई-मेल चालतो, शक्यतो फी नाही, उत्तराची मुदत कामाचे २० दिवस. आणि तुम्ही इथले नागरिक असण्याची गरज नाही. व्हिसावर असलात तरी चालतं.

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की जीपी सर्जरी स्वतःच या कायद्याखाली येते, एनएचएसच्या कामापुरती. म्हणजे अर्ज थेट सर्जरीलाच. कौन्सिलच्या कामाचा ठेका खाजगी कंपनीकडे असेल, पार्किंग किंवा वसुलीवाल्यांसारखा, तर कंपनीला नाही, कौन्सिलला विचारायचं. व्हॉट डू दे नो नावाच्या वेबसाइटवरून पाठवलं तर अर्ज आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसतं, त्यामुळे टाळाटाळ जरा कमी होते. तिथे स्वतःच्या आजाराबद्दल मात्र अवाक्षर लिहू नका, ते पण सगळ्यांना दिसतं!

प्रश्न थोडे आणि धारदार. हा नंबर कधीपासून वापरताय. पुरवठादाराशी करार कधी संपतो. गेल्या आर्थिक वर्षात या नंबरमुळे रोख, सूट किंवा क्रेडिट अशा कुठल्याही रूपात काय मिळालं. गेल्या वर्षी सरासरी किती वेळ लोक रांगेत होते. ०३ वर जाण्याबद्दल पुरवठादाराला कधी विचारलं का आणि त्याने काय कळवलं. "व्यापारी गुपित" म्हणून करार दाखवायला नाही म्हणतील, पण त्यात सार्वजनिक हिताचा तोल बघावा लागतो, तेव्हा आधी त्यांच्याकडेच फेरविचार मागा आणि मग इन्फर्मेशन कमिशनरकडे. खरं सांगायचं तर तिथपर्यंत जावं लागतच नाही. शेवटचा प्रश्न वाचून मॅनेजर पुरवठादाराला पहिल्यांदाच फोन करतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

एकट्याने नको

इंग्लंडमधल्या प्रत्येक सर्जरीला पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप (पीपीजी) ठेवणं २०१५ पासून बंधनकारक आहे. सहसा त्यात सहा-सात निवृत्त इंग्रज मंडळी असतात, बिस्किटं असतात, आणि नवीन माणूस आला की त्यांना फार आनंद होतो. जा. पहिल्या मीटिंगला काही बोलू नका, दुसऱ्या मीटिंगला फोनचा विषय अजेंड्यावर घ्या म्हणून आधी ई-मेल करा. मी गेलो तर कळलं की त्यातल्या एका गृहस्थांनी चार वर्षांपूर्वी हाच विषय काढला होता आणि "लोकल रेट आहे" ऐकून गप्प बसले होते. माझं बिल बघून ते माझ्यापेक्षा जास्त तापले, आणि रिटायर्ड माणूस तापला की त्याच्याकडे वेळ असतो.

ह्यानंतरही हललं नाही तर वरचा दरवाजा. जीपीसाठी तुमच्या भागाचं इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे तिथल्या आरोग्य सेवेचं मंडळ, जुलै २०२३ पासून जीपीच्या तक्रारी तेच घेतात, पण सर्जरी किंवा बोर्ड, दोन्हीपैकी एकाकडेच तक्रार करता येते, तेव्हा सर्जरीकडे आधीच केली असेल तर पुढचा टप्पा ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींचा स्वतंत्र लोकपाल. कौन्सिलसाठी आधी तुमच्या वॉर्डाचा काउन्सिलर, नगरसेवकच तो, त्याला गाठायचं. लोकल निवडणुकीच्या आधी गाठलंत तर चपळाई बघण्यासारखी असते.

आणि एमपी. आपल्या लोकांना वाटतं आपण भारतीय पासपोर्टवर, आपल्याला कोण विचारतो. तर भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं, मतदार यादीत नाव नसेल तर आजच घाला. एमपीला लिहिताना घरचा पत्ता आणि पोस्टकोड घालाच, त्याशिवाय ते बघत नाहीत. राइट टू देम वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की बरोबर माणूस निघतो. पत्र एका पानाचं, आकडा पहिल्या ओळीत. पार्लमेंटच्या वेबसाइटवर याचिका पण टाकता येते, १०,००० सह्यांना सरकार उत्तर देतं, पण गावच्या एका सर्जरीसाठी तो तोफखाना नको. सगळ्या देशाचा प्रश्न उचलायचा असेल तर फेअर टेलिकॉम्स कॅम्पेनने आधी बरंच काम करून ठेवलंय, ते वाचून मग लिहा. पोलिसांच्या १०१ ला प्रत्येक कॉलमागे १५ पेन्स लागायचे ते १ एप्रिल २०२० पासून बंद झाले, म्हणजे देशपातळीवरही हे हलतं.

हो म्हणाले की

सात महिने लागले आम्हाला. सर्जरीचं पत्र आलं की ०३४४ सुरू करतोय, मी लगेच लावून बघितला, लागला, रांगेत नववा, तोच पियानो, पण ह्या वेळी ऐकायला बरा वाटला.

इथे थांबू नका, कारण नंबर सुरू होणं आणि जुना नंबर दिसेनासा होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइट, एनएचएसच्या साइटवरचं सर्जरीचं पान, गूगल मॅप्सवरची नोंद, आपोआप जाणारे टेक्स्ट मेसेज, जवळच्या फार्मसीत चिकटवलेला कागद, हॉस्पिटलच्या रेफरल पत्राचा नमुना, एकेक बघत जा आणि जिथे ०८४ दिसेल तिथला फोटो मॅनेजरला पाठवा. दर महिन्याला एक ई-मेल, गोड भाषेत. गूगल मॅप्सवर तर तुम्ही स्वतःच बदल सुचवू शकता.

आमच्या सर्जरीच्या काचेच्या दारावर नंबर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत चिकटवलेला होता. नवीन स्टिकरला पैसे नकोत म्हणून कोणीतरी ब्लेडने इंग्रजी आठाची डावी बाजू खरवडून त्याचा तीन केला. नीट बघितलं तर काचेवर गोंदाच्या दोन वाटोळ्या खुणा दिसतात. अपॉइंटमेंट कार्डांचा जुना गठ्ठा मात्र अजून संपलेला नाही, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाई कार्ड देताना पेनाने आकडा बदलून देतात, आणि विसरल्या तर पीपीजीतले ते आजोबा आठवण करायला तिथेच बसलेले असतात.